माणसांचं वाळवण

ऐकलंत का? नसेल ऐकलं तर आधी पंखा लावा, पाण्याचा तांब्या जवळ घ्या, मग ऐका. चीनमध्ये माणसं भर उन्हाळ्यात बागेत, नदीकाठी, तापलेल्या दगडी फरशीवर पालथी पडतात. पाठ सूर्याकडे. कुणी सदरा वर सारून, कुणी पातळ कपड्यात, पण पाठ सूर्याकडेच. बाया आहेत, बापे आहेत, रिटायर माणसं आहेत, कॉलेजच्या पोरीही आहेत. जवळ समुद्र नाही, पिकनिक नाही, कुणाचा नवस नाही. तब्येतीसाठी म्हणे!

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली ही बातमी सांगून पाहा. मी मलकापुरात चहा पिता पिता सांगितली. चहावाल्याची गाळणी हातातच राहिली. "काऊन हो, तिकडे झाडं नाहीत काय?" बाकावरच्या एका आबाजींनी तर थेट निकालच दिला, "आपण देवळातल्या फरशीवर अनवाणी चार पावलं टाकत नाही अन् हे त्याच्यावर पोट टेकून पडतात? कायले मरतात उन्हात?"

आता चीनचं म्हणणंही ऐकून घेऊ. या प्रकाराला ते 'शाय बेइ' म्हणतात. बेइ म्हणजे पाठ. शाय म्हणजे उन्हात घालणं. कपडे वाळत घातले तरी शाय, धान्य पसरलं तरी शाय, मिरच्या टाकल्या तरी शाय. म्हणजे हे माणसांचं वाळवणच झालं की! एका बाजूने झालं की उलटायचं की नाही, एवढाच प्रश्न आपल्याकडची कुठलीही सुगरण विचारेल. तर नाही, उलटायचं नाही. सगळी मातब्बरी पाठीची. चिनी वैद्यकात पाठीच्या कण्यावरून 'दू' नावाची वाहिनी वर जाते आणि शरीरातल्या 'यांग'चा, म्हणजे उबेचा, ती समुद्र मानली जाते. जुलैच्या मध्यापासून पुढचे तीस किंवा चाळीस दिवस म्हणजे 'सानफू', वर्षातले सगळ्यात तापलेले दिवस. हिवाळ्यात छळणारा खोकला, दमा, सांधेदुखी यांचा बंदोबस्त याच दिवसांत करून ठेवायचा, असं तिथलं जुनं सूत्र. त्यासाठी चिनी वैद्यकाच्या दवाखान्यांत पांढरी मोहरी आणि आल्याच्या रसाचे लेप पाठीवर चिकटवतात. आता लोकांनी लेपही वगळला आणि सरळ सूर्यालाच पाठीवर घेतलं. फी नाही, रांग नाही.

खरी गंमत पुढे आहे. चिनी माणसाची तक्रार काय, तर अंगात थंडी भरली, ओल साचली. आणि आपली? तोंड आलं, उष्णता. डोळे चुरचुरले, उष्णता. पोराच्या कपाळावर पुटकुळी आली, उष्णता. केस गळाले तर उष्णताच. सब्जा भिजवा, गुलकंद खा, पन्हं प्या, तळपायाला तूप लावून काशाची वाटी फिरवा. एका देशात अंगात ऊब कमी पडते म्हणून लोक फरशीवर झोपतात, दुसऱ्या देशात ती ज्यादा झाली म्हणून माठाला पाठ लावून बसतात. दोघांच्या डोक्यावर सूर्य एकच.

आणि सूर्याशी आपलं नातं सरकारी कागदावर नोंदलेलं आहे. शेजारच्या अकोल्यात मे २०२४ मध्ये उन्हामुळे कलम १४४ लावलं होतं. दंगल नाही, मोर्चा नाही, नुसतं ऊन! कामगारांना प्यायचं पाणी द्या, पंखे लावा, खासगी क्लासेस सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर घ्या, असा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला. एखादा चिनी भाऊ तेव्हा अकोल्याच्या बागेत पालथा पडला असता तर पोलिसांनी त्याला कशाखाली धरलं असतं, हा मला अजून न सुटलेला प्रश्न आहे. घाटावरचे बुलढाणेकर हे वाचून गालात हसतील. राजूर घाट चढला की हवा बदलते, हा त्यांचा जुना तोरा. बदलते खरी. पण हल्ली मे महिन्यात त्यांच्याही खिडकीत कुलर घरघरतो, तेवढं ते पाहुण्यांना सांगत नाहीत.

हे खूळ आपल्याकडे उतरलंच तर पंचाईत पंचांगाचीही आहे. त्यांचं सानफू येतं आपल्या आषाढ-श्रावणात. तेव्हा आपल्याकडे ढग. सोयाबीन पिवळं पडतंय, दोन दिवस ऊन दे रे बाबा, म्हणून माणूस आभाळाकडे बघत असतो. पाठ करायची कुणाकडे? मग उरला आपला नवतपा. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि पुढचे नऊ दिवस विदर्भाच्या बोलण्यात दुसरा विषय नसतो. नवतपा तापला तर पाऊस चांगला, असं म्हातारी माणसं सांगतात. पण त्यांनी जमीन तापावी असं म्हटलंय. पाठीचं नाव कुणी काढलेलं नाही.

तरी हसताना जरा जपून. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या शेगाव तालुक्यात माणसांचे केस भराभर गळू लागले तेव्हा अख्खा देश आमच्या डोक्यांकडे बघत होता. आधी वहीम शाम्पूवर, मग पाण्यावर, पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तेव्हा लोकांनी केलेले विनोद आम्हाला आवडले होते का?

शिवाय पाठ शेकायचं हे खूळ काल-परवाचं नाही. 'लिएझी' नावाच्या जुन्या चिनी ग्रंथात सोंग राज्यातल्या एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. गडी हिवाळाभर जाड्याभरड्या तागात कुडकुडला. वसंतात शेतात राबताना पाठीवर ऊन आलं आणि त्याला स्वर्ग दोन बोटं उरला. जगात उबदार वाडे आणि फरचे अंगरखे असतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. तो बायकोला म्हणाला, हे पाठीवरच्या उन्हाचं गुपित कुणालाच माहीत नाही, राजाला नजर करतो, मोठं बक्षीस मिळेल! गावातल्या श्रीमंताने त्याची टर उडवली. बायको काय म्हणाली ते काही लिहिलेलं नाही. ती घाटाखालची असती तर लिहावंच लागलं असतं.

मला मात्र त्या शेतकऱ्याची टर उडवावीशी वाटत नाही. कारण पौषातल्या सकाळी आमच्या गावाकडच्या ओट्यावर बुढी काय करते? भिंतीकडे तोंड, उन्हाकडे पाठ, मांडीवर तुरीच्या शेंगा. बाळाला तेल चोळून कोवळ्या उन्हात धरतो ते काय? चिनी वैद्यसुद्धा शिकल्यासवरल्या लोकांना हेच सांगतात. सकाळी आठ ते दहा किंवा चारनंतर, वीस-तीस मिनिटं, डोकं झाकून, पाणी पिऊन. बुढीला ना 'दू' ठाऊक, ना 'यांग', पण वेळ बरोबर पाळते. ऊन चटकायला लागलं की शेंगांची टोपली उचलून आत.

फक्त एक खोच आहे. ड जीवनसत्त्वासाठी लागणारे किरण कोवळ्या उन्हात थोडेच असतात. सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ते भरपूर येतात, आणि खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. म्हणून तर एवढ्या उन्हाच्या मुलखात आपण आठवड्याला साठ हजार युनिटची गोळी दुधाबरोबर घेतो. पण त्यासाठीही हातपाय थोडा वेळ उघडे ठेवले की पुरे, फरशीवर भाजून घ्यायची गरज नाही. जुलै २०२५ मध्ये चेज्यांग प्रांतातली ६७ वर्षांची एक बाई ऐन दुपारी दोन तास अशी पाठ शेकत पडली आणि मेंदूत रक्तस्राव होऊन दवाखान्यात पोचली. चार वाजेपर्यंत दम धरला असता तर?

आणि त्या उघड्या पाठींमुळे फार भुवया उंचावू नका. चिनी बाया चेहरा काळवंडू नये म्हणून छत्री घेतात, तोंडावर फडका बांधतात, हातमोजे घालतात. खामगावच्या रस्त्यावर दुपारी स्कूटी चालवणारी पोरगी बघा. दुपट्ट्यात गुंडाळलेलं डोकं, कोपरापर्यंत मोजे, फटीतून दोन डोळे, सख्खी आईही ओळखणार नाही. तोंड झाकण्यात दोन्ही देशांचं एकमत आहे, भांडण फक्त पाठीपुरतं.

तेव्हा ज्यांना पाठ शेकायची आहे त्यांनी खुशाल शेकावी. पौषात, सकाळी, बुढीच्या शेजारी ओट्यावर बसून, आणि बसलाच आहात तर शेंगाही सोला. एप्रिल-मेची गच्ची मात्र मागू नका. तिथे कुरड्या आहेत, पापड आहेत, मिरच्या आहेत, आणि त्यांच्यावरून कुणी लोळलेलं आमच्या घरात चालत नाही.