शब्दांचे शिरस्तेदार

ज्या गावी मुनसफ कोर्ट, सार्वजनिक वाचनालय आणि पेन्शनरांना टेकण्याजोगा एखादा पार असतो, त्या गावी इंग्रजी शब्दांची कुळे शोधण्यात उत्तरायुष्य खर्ची घालणारा एक तरी गृहस्थ सापडतोच. आमच्या गावी हा मान मुनसफ कोर्टाच्या माजी शिरस्तेदारांकडे आहे. नोकरीची सारी हयात परक्यांच्या वतनांचे आणि भाऊबंदकीचे कज्जे दप्तरी लावण्यात गेल्यामुळे, कोणताही शब्द समोर आला की हा मूळचा कोठला, कोणत्या सनदेने येथे वहिवाट करतो आणि याचे खरे वारस कोण, याची चौकशी केल्यावाचून त्यांना तो उच्चारवत नाही. अर्थ काय, कोणीही सांगेल. तो सांगणारा कारकून आणि कूळ सांगणारा शिरस्तेदार, अशी पायरी त्यांनी परस्पर ठरवून टाकलेली आहे.

त्यांनी चालविलेला सर्वांत मोठा दावा ‘पोस्ट’ या शब्दाचा. फुटबॉलच्या मैदानावर हा शब्द खांब होऊन उभा असतो, सरहद्दीवर चौकी होतो, नोकरदाराच्या तोंडी हुद्दा होतो; पेढीवरचा मुनीम रोजकीर्दीतली रक्कम खतावणीत चढवितो तेव्हा इंग्रजी शिकलेला हिशेबनीस त्यालाही पोस्टिंगच म्हणतो; आणि सरकारी इस्पितळाच्या मागल्या खोलीच्या संदर्भात त्याचे नुसते नाव निघाले तरी माणसे गप्प होतात. टपाल ते निराळेच. इतकी मिळकत एकाच पूर्वजाने संपादिलेली असणे शक्य नाही, हा शिरस्तेदारांचा प्रथमपासूनचा संशय, आणि तो खरा ठरला. एकाच आडनावाखाली तीन परकी घराणी नांदत असल्याचे तपासात निष्पन्न झाले. गोलपोस्टातला खांब लॅटिन ‘पोस्टिस’चा, म्हणजे दाराच्या चौकटीचा, सिनेमाची जाहिरात पोस्टर झाली ती याच घरात, कारण असले कागद पूर्वी खांबांना डकवीत. टपाल मात्र ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे या लॅटिन धातूच्या वंशातले. वाटेत ठराविक अंतरावर ठेवलेल्या घोड्यांच्या टप्प्याला इटलीत ‘पोस्टा’ म्हणत, ते नाव फ्रान्समार्गे इंग्लंडात गेले आणि घोडे गेल्यावरही पत्रांना चिकटून राहिले. तर त्याच धातूपासून निघालेल्या ‘पोस्टो’ने, म्हणजे शिपायाला नेमून दिलेल्या जागेने, चौकी आणि हुद्दा दोन्ही आपल्या नावे करून घेतले. उरले ‘नंतर’ अशा अर्थाचे लॅटिन अव्यय. पोस्टमॉर्टेम त्याचे, आणि आपल्या वडीलधाऱ्यांच्या पत्रात ज्याला ताजा कलम म्हणत, ते पोस्टस्क्रिप्टही त्याचेच.

हा निवाडा कागदावर राहिला असता तर कोणाचीच हरकत नव्हती. परंतु शिरस्तेदार त्याची अंमलबजावणी करीत हिंडतात. शेजारचे गृहस्थ मुलाला कलेक्टर कचेरीत पोस्ट मिळाली म्हणून पेढे घेऊन आले, तेव्हा पेढा तोंडात असतानाच शिरस्तेदार म्हणाले, “पोस्ट मिळत नसते हो. मुळात ते कर्मणी रूप आहे. माणूस ठेवला जातो. आणि ज्याने ठेवला, तो उचलूही शकतो.” शेजाऱ्यांनी दुसरा पेढा पुढे केला नाही.

पाठशाळेच्या शास्त्रीबुवांशी त्यांचे वैर आहे, कारण जगातला यच्चयावत शब्द संस्कृतातून निघाला असा शास्त्रीबुवांचा सिद्धान्त. ‘पोस्ट’ म्हणजे आपले ‘पश्चात्’, असे ते एकदा पारावर म्हणाले. गंमत अशी की या बाबतीत ते अगदीच निराधार बोलत नव्हते. ‘नंतर’वाल्या पोस्टाचे आणि ‘पश्चात्’चे नाते पंडितांनी मान्य केलेले आहे. “आहे ना नाते,” शिरस्तेदार म्हणाले, “पण चुलत! चुलत्याला बाप म्हणून वारसनोंद होत नसते.” मला विचाराल तर असा नेमका निकाल प्रत्यक्ष कोर्टातही क्वचितच ऐकू येतो.

त्यांचे आराध्य दैवत म्हणजे ऑक्सफर्ड कोशाचे संपादक जेम्स मरे. कोशाचा पहिला भाग 1884 साली निघाला आणि शेवटचा 1928 साली. मरे 1915 सालीच वारले. त्यांच्या ऑक्सफर्डच्या घरी पत्रांची ये-जा एवढी, की टपालखात्याने त्यांच्या दारासमोर खांबासारखी एक पत्रपेटी उभी केली. आमच्या पोस्टाबाहेरच्या लाल पेटीपाशी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून शिरस्तेदार हे सांगतात, आणि तिच्यावर हात ठेवून म्हणतात, “खांबाच्या पोटात टपाल! दोन घराण्यांचा शरीरसंबंध आहे हा. आणि तो जुळविला कोणी? अँथनी ट्रोलपने, कादंबरीकाराने! 1852 साली जर्सी बेटावर!” इतक्यात पोस्टाची खिडकी बंद होते, आणि घरी गेल्यावर बाई विचारतात, “अहो, कार्ड टाकलंत का?”

गेल्या वैशाखात त्यांच्या पुतणीचे लग्न ठरले होते. मुहूर्त मान्य असल्याचे कार्ड वरपक्षाला धाडावयाचे काम घरातले इंग्रजी जाणते आणि वडील म्हणून यांच्याकडे आले. आठवडा गेला, आणि तिकडून तार आली. वाचायला अर्थातच शिरस्तेदारांना पुढे केले. त्यांनी चष्मा लावला, आणि सारे घर जीव मुठीत धरून उभे असताना त्यांच्या मुद्रेवर अपूर्व आनंद पसरला. “पोस्टपोन्ड!” ते म्हणाले. “अरे, हा माझ्या ध्यानातच आला नव्हता! आधी अव्यय, मागाहून धातू. ‘नंतर’ आणि ‘ठेवणे’ दोन्ही घराणी एका छपराखाली!”

“दादा,” धाकटे बंधू खुर्चीवर बसत म्हणाले, “लग्न पुढे ढकललंय त्यांनी. आपला होकार पोचला नाही म्हणतात.”

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी खुंटीवरचा कोट काढला, खिसा चाचपला आणि दुमडलेले कार्ड नवऱ्यापुढे धरले. शिरस्तेदारांनी ते उलटसुलट करून पाहिले.

“यातले ‘कार्ड’ मात्र ग्रीकांचे,” ते म्हणाले.