ध्वनिदर्शक शब्द

बत्तीस वर्षं मी पोरांकडून ध्वनिदर्शक शब्द घोकून घेतले. पानांची सळसळ, पाण्याचा खळखळाट, डासांची गुणगुण, ढगांचा गडगडाट. चुकलं की दहादा लिहायला लावायचो. निवृत्त झाल्यावर किन्हवलीजवळच्या शेतात भेंडी लावली, ती कल्याणच्या बाजारात न्यायला एक जुनी पिकप घेतली, आणि गेल्या भाद्रपदात शहापूरच्या एका गॅरेजात मिस्त्रींनी विचारलं, "मास्तर, आवाज कसा येतो?"

"घूंऽऽ," मी म्हणालो.

"घूं का घर्र?"

"घूंच. पण मध्ये बारीक 'र' लागतो."

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला आणि चहा सांगितला.

हा 'र' सरळगावच्या रस्त्याला गाडी चाळीसच्या पुढे गेली की लागायचा. आमच्या सौ.च्या मते तो मिक्सरमध्ये सुकं खोबरं फिरवल्यासारखा होता. शेजाऱ्याला तो आवाजच वाटेना, कारण त्याच्या स्वतःच्या गाडीचा आवाज त्याहून मोठा. फक्त आमच्या तात्यांनी गोष्ट मनावर घेतली. म्हशाच्या जत्रेत उभा जन्म बैल पारखण्यात गेलेला हा माणूस. मागच्या हौद्यात क्रेटांच्या मधे बसून सरळगावपर्यंत आले, वाटभर तळव्याने पत्रा चाचपत होते. उतरले आणि म्हणाले, "मागच्या खुब्यात खोड हाय हिच्या. इकून टाक." आम्ही हसलो.

शहापूरच्या मिस्त्रींनी आधी टायर धरले. मागचे पुढे घातले, पुढचे मागे. टायरचा आवाज असेल तर तो रस्त्याप्रमाणे बदलतो, हायवेच्या गुळगुळीत डांबरावर एक आणि आमच्या गावच्या खडीवर दुसरा. माझा 'र' दोन्हीकडे तोच. मग हबच्या बेअरिंगवर संशय आला. त्याची परीक्षा अशी, की मोकळ्या रस्त्यावर गाडी जरा डावी-उजवी झुलवायची. भार ज्या बाजूला जाईल तिकडचं खराब बेअरिंग ओरडतं. आम्ही झुललो. कोणी ओरडलं नाही, तरी बेअरिंग बदललं गेलं. पुढच्या खेपेला प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. त्याने गिअर टाकताना येणारा 'ठक' गेला, जो गाडीत आहे हे मला तो गेल्यावर कळलं. घूं होता तिथेच. त्यात गंमत अशी, की मिस्त्री शेजारी बसले की आवाज गप्प. तपासणीला साहेब आले की वर्गातली सगळ्यात द्वाड कार्टी हाताची घडी घालून बसतात, तसा. (पुढे कळलं, मिस्त्री बसायचे तेव्हा मी गाडी तिशीच्या वर नेतच नव्हतो. गिऱ्हाइकाची रीत म्हणून.)

शेवटी मुरबाडला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. मी तोंड उघडून 'घूं' काढणार, तेवढ्यात ते म्हणाले, "कसा येतो ते राहू द्या. कधी येतो ते सांगा."

जन्मभर मी विशेषणांच्या मागे लागलो होतो. हा माणूस थेट कालवाचक क्रियाविशेषण मागत होता.

अॅक्सिलेटर दाबल्यावर येतो का सोडल्यावर? सरळ रस्त्याला का वळणावर? दाबल्यावर वाढत असेल तर क्राउन-पिनियनच्या दातांची जोर घेणारी बाजू गेली. पाय काढल्यावर येत असेल तर उलटी बाजू. नुसता वळणावर, तर आतली छोटी चाकं. दाबा नाहीतर सोडा, घरघर चालूच, तर पिनियनचं बेअरिंग. माझ्या उत्तरांवरून त्यांनी दोन आजार काढले, पहिला आणि शेवटचा. मग मागची दोन्ही चाकं घोड्यांवर उचलून गाडी गिअरमध्ये फिरवली आणि एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर हाउसिंगला टेकवून त्याची मूठ कानाला लावली. डोळे मिटले. तंबोरा लावणाऱ्या बुवांचा चेहरा होतो तसा चेहरा झाला. "खोला," ते पोराला म्हणाले.

हाउसिंगमध्ये जे डिफरेन्शियल बसलेलं असतं, ते काय करतं हे मला त्या दिवशी समजलं, आणि समजलं ते खळ्यामुळे. मळणीला मेढीजवळ म्हातारा बैल जुंपायचे आणि बाहेरच्या अंगाला तरणा, कारण फेरा एकच असला तरी बाहेरच्याला जास्त चालावं लागतं. वळणावर गाडीच्या चाकांचं तेच होतं. दोघांना एका दांड्याला करकचून बांधलं तर आतलं फरफटेल. म्हणून दोघांना जोर द्यायचा, पण ज्याच्या त्याच्या चालीने चालू द्यायचं. ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने 1827च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी ही युक्ती पेटंट केली. त्याने म्हशाची जत्रा पाहिली नव्हती हे उघड आहे.

पोराने बूच काढलं आणि खाली ट्रेमध्ये चहा पडला. निदान मला तसं वाटलं. गिअर ऑइल मधासारखं असतं. हे दूध जास्त झालेल्या चहासारखं होतं, त्यात चांदीच्या वर्खासारखा चुरा चमकत होता आणि गंधकाचा वास मारत होता. "पाणी," मिस्त्री म्हणाले. "फरशीवरून घातली होती?"

घातली होती. आषाढात, दोनदा. गाडी पळून आली की हाउसिंग तापलेलं असतं, आतली हवा फुगलेली असते. ती जायला वरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा ब्रीदर असतो. तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या गार पाण्यात शिरलं की हवा आकसते आणि बाहेरून ओढ लागते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ही ओढ सीलच्या फटीतून लागते, आणि तिथे हवा नसते, ओढा असतो. तानसा-भातसाचं पाणी मुंबईला जातं, उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर फिरतात. आमच्या तालुक्यात विनासायास घरपोच मिळालेलं पाणी म्हणजे हे एवढंच.

क्राउन-पिनियन एकट्याने बदलता येत नाही. कारखान्यात दोघांचे दात एकमेकांवर घासूनच जोडी बनते. एक नवा आणि एक जुना घातला तर दुसऱ्याच दिवशी भांडण. जोडी आणली, बेअरिंगं आणली. मग मिस्त्रींनी मला शेंदूर आणायला पाठवलं. पूजेच्या दुकानदाराने विचारलं, "मारुतीला का म्हसोबाला?" मी "हाउसिंगला" म्हटल्यावर त्याने पुडी जपून माझ्या हातात ठेवली.

शेंदूर तेलात कालवून क्राउनच्या चार-पाच दातांना लावला, हाताने फेरे दिले. पिनियन जिथे टेकतो तिथला शेंदूर पुसला जातो. पुसलेला डाग दाताच्या मधोमध पडायला हवा. आमचा पडला काठावर. पिनियन काढला, कागदाएवढी पातळ शिम घातली, पुन्हा बसवला, पुन्हा शेंदूर. आता डाग दाताच्या बुडाशी. पुन्हा काढला. दातांमधली मोकळीक साधारण 0.15 ते 0.20 मिलिमीटर, म्हणजे दोन-तीन केसांएवढी. कमी ठेवली तर तापतं, जास्त ठेवली तर ठोकतं. चौथ्या खेपेला डाग मधोमध बसला. बत्तीस वर्षांत मी कुणाची वही इतक्या वेळा तपासली नाही.

टोकावड्यापर्यंत फिरवून आणली. रिकामे क्रेट सोडून काही वाजलं नाही. घरी तात्यांनी विचारलं, "मागच्या खुब्यातच व्हती ना?"

बिलात नऊ ओळी होत्या: जोडी, बेअरिंगं, सील, शिम, ऑइल, मजुरी, सगळं. शेंदूरही होता. ब्रीदर नव्हता. तो पोराने तारेने साफ केला होता, त्याचे पैसे मिस्त्रींनी लावले नाहीत.