सूर्य कामावर, विहीर रजेवर

मराठवाड्याने सरकारकडे काही मागावं आणि ते चक्क मिळावं, हा योग तसा दुर्मीळ. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत तो जुळून आला. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, पुढे साडेसात. जालना जिल्ह्याने पंप बसवण्यात राज्यात आघाडी घेतली. २०२५मध्ये तर महाराष्ट्राने महिन्याभरात ४५,९११ पंप बसवून गिनेस बुकात नाव घातलं. त्यातल्या किती विहिरींना पाणी होतं, याचा रकाना त्या बुकात नसावा.

दिवसा वीज मिळाली याची मात्र टिंगल नाही. रात्री दोनला थ्री फेज येणार म्हणून हातात बॅटरी घेऊन, साप-विंचू चुकवत दारं धरायला जो गेलाय, तो सूर्याला दोन नमस्कार जास्तच घालील.

घोटाळा आहे तो ड्युटीचा. श्रावणात विहीर तुडुंब, तेव्हा सूर्यसाहेब ढगाआड. पंप नुसता गुरगुरतो. वैशाखात साहेब सकाळी सातलाच हजर, तर विहीर दीर्घ रजेवर! अंबड-घनसावंगीकडच्या मोसंबीला तहान लागते ती नेमकी याच दिवसांत. पाच हजार वॅटचं पॅनल ऊन खात उभं, आणि बांधावरून टँकर चाललेला. पॅनलवरची धूळ पुसायलाही पाणी त्यातलंच.

बरं, मग उन्हाळ्यातली ती वीज जाते कुठे? कुठेच नाही. या पंपाला महावितरणची तारच नाही, उरलेली वीज विकणार कुणाला? त्याच पॅनलवर कडबाकुट्टी, पिठाची गिरणी चालवणारा 'युनिव्हर्सल कंट्रोलर' निघालाय. केंद्राच्या 'कुसुम' योजनेच्या कागदांत त्याला जागाही आहे. शिवारात तो दिसला तर कळवा, हार घेऊन येतो. तज्ज्ञ मंडळी उद्याच्या स्वस्त बॅटऱ्यांबद्दल फार गोड बोलतात. दिवसाचं ऊन रात्री वापरता येईल म्हणे. वैशाखाचं ऊन श्रावणापर्यंत साठवणारी बॅटरी त्यांनी अजून दाखवलेली नाही.

इकडे जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या भट्ट्या, आणि भट्टीवाल्यांचं जुनं रडगाणं: वीज परवडत नाही. म्हणजे शिवारात फुकटची वीज वाया, गावाबाहेर विकतच्या विजेवरून बोंब. या दोघांची सोयरीक जुळवावी, असं कुणाला वाटलं तर योजनेच्या पोर्टलवर पाहून घ्यावं. तिथे 'व्हेंडर निवडा' एवढंच बटण आहे; तेही दाबलं की गोल गोल फिरतं.