पिकतं तिथं विकत नाही

मुलगा अमेरिकेत असलेला संभाजीनगरकर ग्रँड कॅन्यनचा बेत आखतो, तो बघण्यासाठी नव्हे, आल्यावर सांगण्यासाठी, असं माझं ठाम मत आहे. आणि यातून मी स्वतःला वगळत नाही. पुरावा आमच्या तयारीतच सापडतो. मे महिन्यात दुपारी पडद्याबाहेर डोकं न काढणारे आम्ही, त्या दरीच्या तळाशी उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो हे वाचून हौसेने टोप्या घेतो. एका दिवसात नदीपर्यंत उतरून परत चढू नका, असं तिथलं उद्यान प्रशासन बजावतं. अजिंठ्याच्या पायऱ्या बघून डोलीवाल्याला हाक मारणारे आम्ही त्यावर ‘बघू की!’ म्हणतो. शिवाय तिथे देवही आहेत. क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने १९व्या शतकात तिथल्या शिखरांना विष्णू आणि शिव यांची नावं दिली. ब्रह्मा आणि बुद्धही तिथे आहेत. तळाच्या सुमारे १७५ कोटी वर्षं जुन्या खडकालाही विष्णूचंच नाव! झालं, व्हिसासाठी पर्यटन आणि नातेवाइकांसाठी तीर्थयात्रा. ना अभिषेकाची पावती, ना चपलांचं टोकन, ना ‘पुढे चला, पुढे चला’. कठड्यामागून लांबूनच मुखदर्शन घ्यायचं. देवांना एवढी निवांत जागा इथल्या भक्तांनी कधी दिली असती?

दरीच बघायची तर घराजवळ अजिंठ्याचीही आहे, तिच्याकडे मात्र आपण बघत नाही. कुणी म्हणेल, ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून खोल दरीपुढे अजिंठ्याची घळ ती केवढी? मान्य. पण लहान आहे म्हणून न बघण्याचा नियम आपण आपल्या बढायांना कुठे लावतो? वाघूर नदीने काळ्या बेसाल्टमध्ये घोड्याच्या नालेसारखं वळण कोरलं आणि त्या वळणावर ३० लेणी खोदली गेली. अजिंठा बघायचा तो लेण्यांसाठी, दरीसाठी नव्हे, हा दुसरा आक्षेप. पण पावसाळ्यात मुक्कामाला पाणी आणि एकांत हवा, म्हणून भिक्षूंनी ही जागा निवडली. दरी नसती तर लेणी तरी इथे कशाला असती? आपण मात्र तिच्याकडे पाठ करून चित्रं बघतो आणि नदीचं नाव विचारलं की गाइडकडे. खरा राग पुढेच येतो. ग्रँड कॅन्यनमध्ये चॉकलेटचा कागद कचरापेटी सापडेपर्यंत खिशात जपणारा हात वाघूरच्या काठी वेफर्सचं पाकीट बिनदिक्कत सोडून देतो.

तेव्हा ग्रँड कॅन्यनला जरूर जा. त्याआधी श्रावणात १०० किलोमीटरवरच्या अजिंठ्याला जा, व्ह्यू पॉइंटवरून ते वळण आणि धबधबा डोळे भरून बघा. फक्त सोमवार टाळा. श्रावणातला असला तरी त्या दिवशी लेणी बंद असतात.