श्रावणात एकशिपी

(रंगमंचावर एक खुर्ची. माशांची टाकी दिसत नाही. प्रेक्षक बसलेत तिथेच ती आहे असं समजायचं. तो हातात लांब चिमटा घेऊन येतो, वाकून प्रेक्षकांकडे निरखून बघतो.)

श्श! हलू नका. त्याला माणसं हललेली चालत नाहीत. मागच्या रांगेतले काका, खोकायचं असेल तर आत्ताच खोकून घ्या.

गटारीला अख्खी मुंबई मासे आणायला बाहेर पडते. मीही पडलो, मीही आणला. माझा फक्त जिवंत होता, पाण्याच्या पिशवीत. बायकोनं दार उघडलं, पिशवीकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, साफ करून नाही आणलात?"

कॉपरबँड बटरफ्लाय! पांढऱ्या अंगावर उभे तांबूस पट्टे, पुढे लांब चोच. पाठीवर, शेपटीच्या बाजूला, एक काळा ठिपका. तो नकली डोळा. शत्रूनं भलत्या टोकाला चावावं म्हणून निसर्गानं केलेली सोय. शत्रू राहिला बाजूला, फसलो मी. पहिल्या रात्री त्याची किती समजूत घातली! सगळी शेपटीला.

दुकानात विचारलं होतं हो! जाणकार सांगतात, खाऱ्या पाण्यातला मासा घेताना दुकानदाराला म्हणावं, माझ्यासमोर खायला घाल, खाल्लं तरच पैसे. मी म्हटलं, "खातो ना?" तो म्हणाला, "साहेब, आत्ताच जेवला." आता जेवून उठलेल्याला आग्रह कसा करणार? किंमत विचारू नका. बायकोनं विचारली, तिला अर्धी सांगितली. त्या अर्ध्यावरच अबोला सुरू झाला.

आणि आमचं घर मालवणी! लहानपणी बाबा आम्हाला मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे. १९५१ सालचं मत्स्यालय, लांबून लांबून लोक यायचे, काचेला नाक लावून म्हणायचे, "वा, काय रंग!" बाबा म्हणायचे, "ह्याचं तिखलं चांगलं होतं." तीन काचा झाल्या की आई पर्समधले सुटे पैसे मोजायला लागायची.

त्या घरात आज सगळे मिळून एका माशाला म्हणतायत, "खा रे बाळा. एक घास."

(चिमटा खाली ठेवतो.)

गोळ्या टाकल्या. ढुंकून बघितलं नाही. टाकीत आधीपासून दोन क्लाउनफिश आहेत, दाणा पाण्याला टेकायच्या आत गट्ट! हा आपला दगडामागे. आई म्हणाली, "नवा जावई आहे तो. पहिल्या दिवशी मागून घेतो होय कुणी?"

मग मी अभ्यास केला. १७५८ साली लिनियसनं या माशाची नोंद केली. ठीक आहे, त्याला कुठे भरवायचं होतं? हे राहणार अंदमानच्या समुद्रापासून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत. तिथे प्रवाळाच्या फटीत चोच घालायची आणि आतला किडा ओढून काढायचा, हे ह्यांचं जेवण. वरून पडणारी गोळी त्याला कचरा वाटते. त्यात विमानात चढवण्याआधी त्याला मुद्दाम उपाशी ठेवतात, पिशवीत घाण केली तर अमोनिया होऊन मरेल म्हणून. आईला सांगितलं, तिचे डोळे भरून आले. "अरे देवा, ह्याचा श्रावण आपल्या आधीच सुरू झालाय!"

दिवे मालवले. काचेवर कागद चिकटवला. पाणी तपासलं, लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ, बरोबर. आईनं बोट बुडवून चाखलं. म्हणाली, "मीठ ठीक आहे. कोकम घातलंस?"

शौकीन मंडळी सांगतात, खाणं लसणाच्या रसात भिजवा, भूक खवळते. तेव्हा चातुर्मास लागलेला! घरात माणसांना कांदा-लसूण बंद आणि मी गॅलरीत चोरून पाकळ्या ठेचतोय. रस टाकीत पडला. भूक खवळली. माझी!

शेवटी एका जुन्या शौकिनानं सांगितलं, ताज्या तिसऱ्या उघडून दे. गेलो बाजारात. कोळीण म्हणाली, "किती वाटे देऊ दादा?" म्हटलं, "वाटा नको, चारच द्या." "चार वाटे?" "नाही, चार तिसऱ्या." तिनं कोयता खाली ठेवला. "घरात कुणाला बरं नाही का रं?"

चार घरी आणल्या. आई म्हणाली, "श्रावणात? माझ्या ओट्यावर? गॅलरीत बस, विळी वेगळी घे, आणि माझ्याकडे बघू नकोस." तिसरी उघडली, एका शिंपीत मांस राहू दिलं. म्हणजे आमची एकशिपी, विदाऊट मसाला! चिमट्यानं दगडाच्या फटीत बसवली.

(प्रेक्षकांकडे पाहत, आवाज खाली.)

आला. एक डोळा शिंपीला लावला. मग वळून दुसरा. मागे सरला. परत आला. चोच आत... टुच! ओढलं एक तंतूएवढं. थुंकला! मी खुर्चीला गच्च धरलं. तोच तुकडा परत घेतला, चघळला, आणि... गिळला! बायको किंचाळली, "अहो, खाल्लं!" अबोला तिथे सुटला. तेवढ्यात दोघे क्लाउनफिश धावून आले, त्यांना मी चिमट्यानं हाणतोय, मागून आई, "हळू! त्याला ठसका लागेल!"

आता रोज मेजवानी. उरलेलं लगेच काढायचं, नाहीतर पाणी नासतं. हळूहळू त्याच रिकाम्या शिंपीत गोठवलेलं मायसिस दाबून भरायचं. म्हणजे झिंग्यांचे बारीक भाऊबंद. शिंपी तीच असली की तो आतलं बदललेलं मनावर घेत नाही. पुढे शिंपीही काढून घ्यायची. तसं बेताबेतानं चाललंय. पण तिसऱ्या पूर्ण बंद करायच्या म्हटलं की घरात विरोध होतो.

म्हणजे आईचा! काल मी शिंपी टाकीत सोडणार, इतक्यात म्हणाली, "थांब. आण इकडे." नाकाजवळ धरली, डोळे मिटले. म्हटलं, "आई, श्रावण!" म्हणाली, "वासानं काही मोडत नाही. आणि उद्या जरा मोठ्या आण."

"अगं, त्याचं तोंड एवढंसं!"

"त्याच्यासाठी कोण म्हणतंय?"

(अंधार.)