नळाखालचं पिंप

आमच्या घरात वाय-फाय गेलं की पहिला संशय राऊटरवर. तो बिचारा शोकेसवर गणपतीच्या मूर्तीशेजारी बसलेला असतो. नमस्कार गणपतीला आणि टपली त्याला. गेल्या महिन्यात माझ्या लॅपटॉपवरचं वाय-फाय आचके द्यायला लागलं तेव्हाही मी रिवाजाप्रमाणे राऊटर बंद केला, दहापर्यंत आकडे मोजले, चालू केला. फरक शून्य. मग इंटरनेटवाल्याच्या पोराला बोलावलं. त्याने स्वतःच्या मोबाइलवर स्पीड मोजला, "काका, लाइन ओके आहे," म्हणाला आणि चपला घालून निघाला. "माझ्या फोनवर तर मालिका व्यवस्थित दिसतेय हो," अशी साक्ष स्वयंपाकघरातूनही आली. म्हणजे आरोपी माझ्याच मांडीवर होता.

नाशिकच्या भाच्याला फोन लावला. "मामा, अलीकडे काही अपडेट केलंत?"

"काही नाही रे. ग्राफिक्स ड्रायव्हर तेवढा नवा घातला. पण तो पडद्याचा, त्याचा इथे काय संबंध?"

पलीकडे क्षणभर शांतता. पायाला मुंग्या येतात म्हणून गेलेल्या माणसाच्या कमरेवर डॉक्टरांनी बोट ठेवावं, तशी.

त्याने मला राऊटरला पिंग करायला लावलं. म्हणजे "आहेस का?" अशी हाक मारायची आणि "आहे" यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. उत्तर ३ मिलिसेकंदांत. "आता एखादा व्हिडिओ लावा. इंटरनेटवरचा नको, डिस्कवरचा." मी पुतणीच्या लग्नाचा लावला. मंगलाष्टकं सुरू झाली आणि आकडा ८०० वर गेला. अक्षता पडल्या तेव्हा राऊटरचं उत्तर येणंच बंद झालं. इंटरनेटचा थेंबही न लागणारा व्हिडिओ, आणि गुदमरलं वाय-फाय!

कारण भाच्याने सांगितलं, पण मला ते कळलं गिरगावच्या चाळीमुळे. विंडोजमध्ये यंत्रांची तातडीची कामं एका रांगेतून प्रोसेसरकडे जातात. तिला डीपीसींची रांग म्हणतात. रांगेतल्या प्रत्येकाने आपलं काम १०० मायक्रोसेकंदांच्या आत उरकून बाजूला व्हावं, असा मायक्रोसॉफ्टचा दंडक आहे. आता आमचा पहाटेचा सार्वजनिक नळ आठवा. वाय-फायला हवं असतं तांब्याभर पाणी, पण वारंवार आणि वेळेवर. माझ्या नव्या ग्राफिक्स ड्रायव्हरने नळाखाली पिंपच लावलं होतं. कोण किती वेळ नळ अडवतं हे चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या आजी तोंडपाठ सांगायच्या. इथे ते काम लेटन्सीमॉन नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम करतो. त्याच्या यादीत ग्राफिक्स ड्रायव्हरची फाइल सगळ्यांत वर, लाल पट्टीसह. आजींनी इतकं सभ्यपणे सांगितलं नसतं.

पडदा आणि वाय-फाय यांचं भांडण दरवेळी रांगेवरूनच होतं असं मात्र नाही. २०१९ साली रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या संगणकावर वेगळीच गंमत दिसली. पडद्याचं रिझोल्यूशन २५६० बाय १४४० केलं की त्याचं वाय-फाय गळायचं. तिथे बोट दाखवलं गेलं ते एचडीएमआयमधून निसटणाऱ्या रेडिओ-गोंगाटाकडे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाय-फाय बोलत असताना शेजारी कुणी मिक्सर लावावा, असा प्रकार. रिझोल्यूशन बदललं की पुन्हा सगळं शांत.

माझा उपाय त्याहून साधा निघाला. डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर, 'रोल बॅक ड्रायव्हर'. पडदा दोनदा काळा झाला, माझा जीव एकदा वर गेला, आणि जुना ड्रायव्हर माहेरी आल्यासारखा जागेवर बसला. पिंग ३, ३, ४, ३.

खात्री करावी म्हणून लग्नाचा व्हिडिओ शेवटपर्यंत चालू ठेवला. ही पण येऊन शेजारी बसली. चित्र अगदी स्वच्छ, कुठे अडकणं नाही. पंगत आली. शुगर वाढलीय म्हणून त्या दिवशी मी गोडाला हात लावला नाही, असं मी घरी सांगितलेलं आहे. पडद्यावर मी चौथी जिलबी वाढून घेत होतो.

"जरा मागे घ्या हो," ही म्हणाली.