श्रीमंत टॉर्करावांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री टॉर्कराव डिझेलकर, मुक्काम शोरूम, अमेरिका, यांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

आपल्या पराक्रमापुढे आम्ही नतमस्तक आहोत. 1989 साली डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचे डिझेल इंजिन आले, तेव्हा आपल्या घराण्याकडे 160 अश्वशक्ती आणि 400 पौंड-फूट टॉर्क होता आणि तेवढ्यावरही दरारा होता. आज फोर्डच्या सर्वांत दांडग्या डिझेल पिकअपची मजल 500 अश्वशक्ती आणि 1,200 पौंड-फुटांवर गेली आहे. म्हणजे सरळ तिप्पट! हे आकडे वाचून एखादा गृहस्थ जुनी पिकअप विकतो, निव्वळ डिझेल इंजिनासाठी दहा हजार डॉलरच्या आसपास जास्त मोजतो आणि आता हौद्यात काहीही ठेवले तरी चालेल, अशा समजुतीने घरी येतो. हे ‘काहीही’ म्हणजे ट्रक कॅम्पर. पलंग, शेगडी, संडास, पाण्याची टाकी असे अख्खे घर, आणि तेही मागे जोडून ओढायचे नव्हे, तर हौद्यात बसवून वाहायचे. विंचवाचे बिऱ्हाडच म्हणा ना. आमची शंका एवढीच, की बळ तिप्पट झाले, तशी पाठही तिप्पट झाली का?

उत्तर आपल्याच अंगावर छापलेले आहे, फक्त जाहिरातीत ते येत नाही. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला, की खांबावर टायरमधल्या हवेच्या आकड्यांसोबत एक छोटे लेबल दिसते. माणसे आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर वजन जाऊ नये, एवढेच त्यावर बजावलेले असते. ओढण्याची क्षमता मोठ्या टाइपात फलकावर आणि वाहण्याची मर्यादा बारीक टाइपात दाराआड, ही वाटणी मोठी मार्मिक आहे. गाडीला जुंपलेला बैल आणि पाठीवर गोणी लादलेला लमाणांचा बैल, जनावर एकच. पण गाडीचे ओझे चाके पेलतात, गोणीचे ओझे मात्र त्याच्या चार पायांवरच येते. टॉर्क हा जुंपलेल्या बैलाचा गुण आहे. कॅम्परचे वजन पेलायचे ते स्प्रिंगा, ॲक्सल, रिम आणि टायर यांनी. टायरच्या कडेवर भारांक 125 असेल, तर तो टायर 1,650 किलोपर्यंतच भार घेतो. बॉनेटखाली 400 पौंड-फूट आहेत की 1,200, याची तो चौकशी करत नाही.

आता आपल्या वैभवाचा हिशेब मांडू. ‘पाऊण टनी’ म्हणवणाऱ्या वर्गात अनेक गाड्यांचे भरल्या गाडीचे कमाल वजन 10,000 पौंड, म्हणजे सुमारे 4,536 किलो ठरलेले असते, कारण त्यापुढे सरकारी वर्गवारीत वरचा वर्ग सुरू होतो. छत पक्के असेल, तर त्याखाली आपण जितके भारदस्त व्हाल तितकी पाहुण्यांची जागा कमी. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा काहीशे पौंडांनी जड असते, शिवाय धुराच्या नियमांपायी फिल्टर आणि युरियाच्या द्रावणाची टाकी आली. समजा, चार दारांचे, चारही चाके फिरवणारे आपले रूप रिकामेच 7,700 पौंड भरले, उरले 2,300. मध्यम आकाराचा कॅम्पर कोरडा 2,600 पौंड धरू. त्यात 30 गॅलन पाण्याचे 250, दोन माणसांचे 320 आणि बॅटऱ्या, गॅस, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण यांचे 500 मिळवले, की बेरीज 3,670 होते. पाण्याचा नळ सोडण्यापूर्वीच, नुसत्या कोरड्या घराने मर्यादा ओलांडलेली होती. म्हणजे जास्त पैसे देऊन जास्त ताकद घेतली आणि वाहण्याची जागा पदरची घालवली.

आपले भाट यावर गप्प बसणार नाहीत. ते म्हणतील, कोलोरॅडोत आय-70 वरून आयझेनहॉवर बोगद्याकडे, 11,000 फुटांच्या वर चढून पाहा, मग डिझेलची किंमत कळेल. ती आम्हाला आताच मान्य आहे. विरळ हवेत साधे पेट्रोल इंजिन दमते, टर्बोवाले डिझेल दमत नाही आणि उतारावर एक्झॉस्ट ब्रेक मुख्य ब्रेकना जळण्यापासून वाचवतो. ज्याचे फिरणे डोंगरातच आहे, त्याने डिझेल जरूर घ्यावे. पण या गुणाने घाटातला वेग सांभाळला जातो, टायरचा भारांक वाढत नाही. दुसरा युक्तिवाद, इंजिनाचे वजन पुढच्या ॲक्सलवर पडते आणि कॅम्परचे मागच्या. मग अडचण कुठे? हा मुद्दा खरोखर वजनदार आहे. मात्र एकूण वजनाची मर्यादा ही ॲक्सलच्या मर्यादांबरोबर पाळायची असते, त्यांच्या बदल्यात नव्हे.

तिसरे लोक मागे हवेच्या पिशव्या बसवतात. त्यांनी खचलेली गाडी सपाट उभी राहते आणि मालकाचा चेहरा खुलतो. टायर, रिम आणि ॲक्सल यांवरचे वजन मात्र होते तेवढेच राहते. चौथे सांगतात, सगळेच जादा भरतात, काही होत नाही. कंपनीने राखीव जागा ठेवलेली असते हे खरे, पण ती खड्ड्यासाठी, तापलेल्या रस्त्यासाठी आणि अचानक दाबलेल्या ब्रेकसाठी असते. ती फ्रिज आणि एसीने भरून टाकली, तर खड्डा आल्यावर उधारी कोणाकडे मागायची?

1960 साली लेखक जॉन स्टाइनबेक चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन जीएमसी पिकअपवर कॅम्पर चढवून अमेरिका पाहायला निघाला. त्या गाडीला त्याने डॉन किहोतेच्या हडकुळ्या घोड्याचे नाव दिले होते, रोसिनांते. आजच्या ‘सुपर ड्यूटी’ आणि ‘हेवी ड्यूटी’च्या दरबारात असे नाव शोभणार नाही, पण ओझे लादणाऱ्याने घोड्याविषयी बाळगावा तो संशय त्यात आहे. म्हणून आपल्या भावी मालकांना आमचा उलट्या क्रमाचा सल्ला: आधी घर निवडा, ते भरल्यावर किती होईल ते मांडा, त्या वजनाला पुरेल असे लेबल शोधा, आणि इंजिन सर्वांत शेवटी. घर जडच हवे असेल, तर मागे चार चाकांची एक टनी गाडी घ्या, मग ती पेट्रोलची का असेना. आपल्यावरच जीव जडला असेल, तर घर लहान करा. आणि पहिल्या सहलीआधी ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर गाडी घाला; काटा टॉर्क विचारत नाही.

कळावे. आपल्यावरचा लोभ आहेच. तो वृद्धिंगत न व्हावा, ही विनंती.

आपला,
दाराआडचे लेबल वाचणारा